मशाल जागेवर होती

होरेस गार्बट अजून जिवंत आहे, म्हणून आत्ताच लिहून टाकतो. माणूस गेला की तो चांगलाच होता म्हणायची रीत आहे, आणि या माणसाला तेवढी सवलत मिळू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मेलबर्नजवळ विल्यम्सटाउनला गोदीच्या मागच्या रस्त्यावर राहतो. वय सत्त्याहत्तर. सकाळी सहाला फाटकात उभा राहून पेपरवाल्या पोरीला दोन मिनिटं उशीर झाला म्हणून झापतो. शेजाऱ्याच्या झाडाची पानं आपल्या अंगणात पडली की गोळा करून त्याच्याच पत्रपेटीत कोंबतो. बायको होती, आयव्ही. तिला तो चारचौघांत 'स्टोकर, सेकंड क्लास' अशी हाक मारायचा. लोक हसायचे, म्हणून ती बिचारीही हसायची. तिला पुरताना पाद्रीबाबांची प्रार्थना जरा लांबली, तर या गृहस्थानं खिशातून घड्याळ काढून बघितलं. मी शेजारीच उभा होतो, कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही.

तर हा आमचा चीफ. 'लॉडन' नावाच्या ऑस्ट्रेलियन विनाशिकेचा चीफ स्टोकर. म्हणजे बॉयलर, तेल आणि आम्ही स्टोकर, भट्ट्या पेटवणारी काळ्या तोंडाची पोरं, सगळं त्याच्या ताब्यात.

'लॉडन' म्हणजे वरातीमागून घोडं. गोदीतून बाहेर पडली तेव्हा लढाई संपून चार महिने झाले होते. तोफा कोऱ्या करकरीत आणि मारायला कुणी नाही. मग तिला जपानला धाडली, कुरे बंदरात हरलेल्या लोकांवर पहारा करायला. पुढे कोरियाची लढाई निघाली. दोन हिवाळे ती तिथल्या पश्चिम किनाऱ्याला खेटून फिरली. डेकवर बर्फ इतका चढायचा की कुऱ्हाडीनं फोडावा लागे, आणि तोफांच्या नळ्या अशा झिजल्या की बदलाव्या लागल्या. नंतर घरच्या पाण्यात मिरवणं, मग सिंगापूर, मग कोवळ्या पोरांना शिकवायची शाळा. शेवटी सिडनीच्या एका खाडीत तीन वर्षं गंजत पडली, आणि बासष्ट साली जपानी भंगारवाल्यानं ओढत नेली. ज्यांच्यावर पहारा करायला गेली त्यांनीच तिचे तुकडे केले. आता त्यांच्या मोटारी मेलबर्नच्या रस्त्यांवर धावतात. त्यातल्या एखाद्या दारात आमची बॉयलर-रूम असेल, काय सांगावं.

या सगळ्यातली अकरा वर्षं चीफ तिच्यावर होता. एवढी दुसऱ्या कुणाची नाहीत, कॅप्टनचीसुद्धा नाहीत. कॅप्टन दोन वर्षांनी बदलायचा. चीफ सासूसारखा कायम.

मी त्रेपन्न साली एकोणीस वर्षांचा असताना तिच्यावर गेलो. पहिल्या दिवशी शिडीवरून खाली उतरलो तोच चीफनं विचारलं, "नाव?"

"लेन हॅगार्टी, चीफ."

"आईनं काय म्हणून पाठवलं तुला इकडे? घरात धान्य कमी होतं?"

"नाही, चीफ."

"मग अक्कल कमी असेल. उभा काय राहिलास, लोखंडाला टेकू नकोस, कातडं तिथंच राहील."

माणसाला काम येत होतं, हे कबूल केलंच पाहिजे. पंपाचा आवाज भिंतीपलीकडून ऐकून सांगायचा, याचं बेअरिंग उद्या जाणार. आणि दुसऱ्या दिवशी ते जायचंच. त्याचीच तर खरी पंचाईत. ज्याला काम येत नाही त्याचं कुणी ऐकत नाही. ज्याला येतं त्याचं चुकीचंही पोरं देववाणी म्हणून ऐकतात.

आता विटेचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे.

बॉयलरच्या तोंडाला फवारे असतात, त्यातून तेल आत उडतं आणि जळतं. भट्टीला आतून विटांचं अस्तर. तेलाच्या टाकीत कधी समुद्राचं पाणी शिरतं. ते फवाऱ्यात आलं की ज्योत फटकन विझते. अशा वेळचा नियम भिंतीवर पितळी पाटीत कोरलेला होता. तेल बंद करा. पंख्यानं भट्टीत हवा खेळवा. मशाल पेटवा, म्हणजे सळईच्या टोकाला बांधलेला, रॉकेलमध्ये भिजवलेला चिंध्यांचा बोळा. ती आत धरा, आणि मगच तेल सोडा. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात वाफ उतरते, जहाज ढेपाळतं, आणि वर ब्रिजवरचे साहेब थयथयाट करतात.

चीफची पद्धत वेगळी. झरोक्यातून भट्टीत बघायचं. वीट नारिंगी दिसली की सरळ तेल सोडायचं. तापलेल्या विटेवर ते आपोआप पेटतं, मशालबिशाल काही नको. वीस सेकंदांत काम. वीट काळपट लाल दिसली तर मात्र थांबायचं, कारण मग तेल पेटत नाही, नुसती वाफ होऊन भट्टी भरते, आणि कुठल्या तरी कोपऱ्यात ठिणगी सापडली की सगळं तोंडावर येतं.

"पाटी कुणासाठी आहे, चीफ?" मी एकदा विचारलं होतं.

"पुसण्यासाठी," तो म्हणाला. "दर शनिवारी. चकचकीत."

आम्ही सगळे विटेवरच पेटवायचो. कोरियात पेटवलं, सिडनीत पेटवलं. मशाल खुंटीला, रॉकेलचा डबा भरलेला, दोन्हींवर धूळ. वरच्यांना हे माहीत होतं का? ज्याला वाफ वेळेवर मिळते तो भट्टीत डोकावत नाही.

नेव्हिल स्कली माझ्याबरोबरचा. बेंडिगोचा पोरगा, वीस वर्षांचा, माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान. सगळ्यांत हळू काम करणारा. चीफ त्याला 'आजीबाई' म्हणायचा, कारण तो झरोक्याची काच पुसल्याशिवाय आत बघत नसे. पंचावन्नच्या फेब्रुवारीत आम्ही होबार्टला निघालो होतो, तिथल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींना शोभेसाठी उभं राहायला. टास्मानियाच्या किनाऱ्याला सकाळी दहाच्या सुमारास तेलात पाणी आलं आणि दोन नंबरच्या बॉयलरचे सगळे फवारे विझले. बॉयलरच्या तोंडाशी नेव्ह होता, मागे पाण्याच्या झडपेशी मी.

नेव्हनं तेल बंद केलं आणि मशालीकडे गेला. हे मी पाहिलं. खुंटीवरून मशाल काढायला हात वर केला होता त्यानं.

तेवढ्यात दुहेरी दारातून चीफ आत आला.

"काय चाललंय आजीबाई? दिवाबत्ती?"

"चीफ, वीट एका बाजूला काळी दिसतेय. आणि काचेवर काजळी आहे, नीट—"

"दुसऱ्या बाजूला?"

"नारिंगी."

"मग एका बाजूनं पेटव! वर माझ्या नावानं शिमगा चाललाय. होबार्टला काय वल्हवत न्यायचं जहाज?"

एवढं बोलून तो टाकी बघायला निघून गेला. दार बंद झाल्याचा आवाज मला आठवतो. नेव्हनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. काय करणार होतो दुसरं? मीही रोज तेच करत होतो. त्यानं हात खाली घेतला, झडप फिरवली, आणि भट्टी त्याच्या तोंडावर उघडली.

माझा डावा कान गेला आणि मान भाजली. नेव्ह संध्याकाळपर्यंत होता. पाणी मागत होता, आणि पाणी द्यायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती.

चार दिवसांनी होबार्टच्या हॉस्पिटलात चीफ मला भेटायला आला. पीचचा डबा घेऊन आला होता, आणि एक टाइप केलेला कागद. डबा स्वतः उघडून दिला. मग कागद पुढे केला.

"चौकशीवाल्यांना तुझं म्हणणं पाहिजे. वाच."

चारच ओळी होत्या. मशाल जागेवर होती. रॉकेलचा डबा भरलेला होता. नियमाची पाटी स्पष्ट वाचता येत होती. स्टोकर स्कली याने मशाल वापरली नाही.

"यात खोटं काय आहे, दाखव," चीफ म्हणाला.

मी पुन्हा वाचलं. शब्दन् शब्द खरा होता. "काही नाही, चीफ."

"मग कर सही."

केली. भ्यालो म्हणून केली. दुसरं कारण शोधायला तीस वर्षं घालवली, सापडलं नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हणून मी चीफला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण वर्षभरात मला बढती मिळाली, तिच्यासाठी शिफारस चीफचीच होती, आणि ती मी मुकाट घेतली.

चीफ सत्तावन्नला निवृत्त झाला, एका लाँड्रीच्या बॉयलरवर लागला. आणि 'लॉडन'वाल्यांची संघटना निघाली तेव्हा अध्यक्ष कोण? तोच. ठराव मांडायला दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. दर मार्चला स्नेहमेळावा. दर मार्चला मी जायचो, त्याच्यापासून तीन टेबलं लांब बसायचो, बीअर प्यायचो, आणि घरी येऊन बायकोचं डोकं खायचो. ती म्हणायची, "मला काय सांगताय? जाऊन त्याला सांगा की." पुढच्या मार्चला मी पुन्हा तीन टेबलं लांब.

गेल्या वर्षी डग्लस फेनला इतिहास लिहायची हुक्की आली. डग्लस आमचा झेंडेवाला, सिग्नलमन. सगळी नोकरी वर मोकळ्या हवेत काढलेली. इतिहास नेहमी वरच्या डेकचेच लोक लिहितात. खालच्यांना लिहायला बोटं उरलेली नसतात. साठ पानं टाइप केली त्यानं: 'लॉडन'ची लढाईनंतरची कामगिरी, तारीखवार. कुठे गेली, किती गोळे टाकले, कुठल्या बंदरात कुणी मेजवानी दिली. आणि एक्केचाळिसाव्या पानावर हे: "फेब्रुवारी १९५५ मध्ये एका स्टोकरच्या निष्काळजीपणामुळे बॉयलरमध्ये स्फोट होऊन तो मृत्यू पावला. जहाज ठरल्या दिवशी होबार्टच्या शर्यतींसाठी पोचले."

नावसुद्धा नाही. शर्यतींना अर्धं पान.

हे कागद डग्लसनं मोठ्या कौतुकानं घरोघरी पाठवले, जुने फोटो असतील तर द्या म्हणून. त्यातले नेव्हच्या बहिणीकडेही गेले. बेरिल तिचं नाव. बेंडिगोला असते, नेव्हपेक्षा दोन वर्षांनी लहान. तिचं मला पत्र आलं. "चौकशीच्या कागदावर तुमची सही आहे. आता हे पुस्तकात छापून कायमचं होणार. माझा भाऊ निष्काळजी होता का, एवढंच सांगा. मी मेळाव्याला येते आहे."

पुस्तक सोमवारी छापायला जाणार होतं, मेळावा रविवारी दुपारी. बोलिंग क्लबचा हॉल, टेबलांवर सँडविच, खिमा भरलेले मीट पाय, सॉसचे डबे. बेरिलबाई निळा कोट घालून दाराशेजारी बसल्या होत्या, मांडीवर पर्स. डग्लस मोठ्या थाटात उभा राहिला, म्हणाला, "कुणाला दुरुस्ती सुचवायची असेल तर आत्ताच सुचवा."

मी उठलो. 

"पान एक्केचाळीस," मी म्हणालो. "निष्काळजीपणा हा शब्द काढायचा."

"अरे, चौकशीत तसंच आहे," डग्लस म्हणाला. "तूच सही—"

"माझं मला माहितीये. नेव्ह स्कली मशाल काढायला गेला होता. चीफनं आत येऊन त्याला विटेवर पेटवायला लावलं. आणि विटेवर पेटवायला आम्हाला सगळ्यांना चीफनंच शिकवलं होतं."

 मी चीफकडे बघितलं. आता हा काठी आपटणार, मला खोटारडा ठरवणार, आणि मग मी काय काय बोलायचं ते आठवडाभर पाठ करून ठेवलं होतं. तीस वर्षांचं साचलेलं सगळं.

चीफनं मीट पायचा घास चावून गिळला. तोंड पुसलं.

"हो, मग?" तो म्हणाला. "शिकवलंच. नसतं शिकवलं तर कोरियात वाफ कुठून आली असती? तुझ्या बापानं फुंकून दिली असती?"

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी सांगितलं पेटव. चुकलं माझं. दोन्ही बाजू बघायला हव्या होत्या."

असं म्हणाला. मीठ जरा जास्त पडलं म्हणावं तसं.

"मग चौकशीत का नाही बोललात?" मी विचारलं.

"विचारलं कुठे कुणी? त्यांनी विचारलं, मशाल वापरली होती का. नव्हती वापरली. कागद मी लिहिला लेका, पण सही तुझी आहे. तुझी जीभ काय मी कापून नेली होती? दर मार्चला येतोस, तीन टेबलं सोडून बसतोस आणि माझ्याकडे खाऊ की गिळू बघतोस. मला वाटायचं, कानानं कमी ऐकू येत असेल बिचाऱ्याला."

दोघंतिघं हसले. मग चीफ खुर्चीत वळला आणि सगळ्यांना उद्देशून ओरडला, अगदी पूर्वीसारखा, "विटेवर कोण कोण पेटवायचं रे? हात वर!"

आणि हात वर झाले. आधी कोपऱ्यातला टकल्या हॉब्ज, मग त्याच्या शेजारचा, मग भराभर. मी मोजले, अकरा. खाली काम केलेला त्या हॉलमधला प्रत्येक जण. कुणी मान खाली घातली नाही, कुणाला लाज वाटली नाही. एक जण तर म्हणाला, "अहो, मशाल पेटते कशी तेच मला माहीत नव्हतं!" त्यावर पुन्हा हशा पिकला. डग्लसनं पेन काढून ती ओळ खोडली आणि वर लिहायला लागला. नाव कसं लिहायचं, इंग्रजीत एक एल की दोन, असं त्यानं बेरिलबाईंना विचारलंसुद्धा.

सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

मी बेरिलबाईंजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आता त्या माझा हात हातात घेतील. मूर्ख माणूस मी. त्या टेबलावरच्या चहाच्या कपाकडे बघत होत्या, चहा तसाच होता.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "हात वर करायचा, एवढंच?"

"बाई, मी तेव्हा एकवीस वर्षांचा—"

"आई अठ्ठ्याहत्तर साली गेली." त्या अगदी हळू बोलत होत्या. "तेवीस वर्षं एकच घोकत होती. 'माझा नेव्ह धांदरट नव्हता गं. पाव कापायच्या आधी सुरी पुसून घेणारा पोरगा तो.' आणि मी काय म्हणायचे, माहितीये? मी म्हणायचे, 'आई, पुरे कर आता. त्याच्याबरोबर होता त्या माणसानं सही करून दिलंय. त्याचा मित्र होता तो. तो कशाला खोटं लिहील?' दर वेळी हेच. वाढदिवसाला, नाताळला. शेवटी शेवटी ती माझ्यासमोर त्याचं नावच काढेना. मी खोलीत आले की गप्प व्हायची."

 चीफसाठी पाठ केलेलं सगळं तोंडातच होतं, त्याचा इथं काही उपयोग नव्हता.

त्या उठल्या, कोटाची बटणं लावली. बेंडिगोची गाडी पाच चाळीसची होती.

"चला, स्टेशनवर सोडतो," मी म्हणालो. "गाडी आणलीय मी."

"तुम्ही नको," त्या म्हणाल्या.